रिफर्बिश्ड ऑफिस कॉम्प्युटर काचेच्या कॅबिनेटमध्ये हलवता येतो का? आधी मदरबोर्ड बघा, मग कॅबिनेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या घरी रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० आहे, बसका एसएफएफ (छोट्या आकाराचा) डबा, चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. चालतो छान, पण टेबलावर बँकेतून उचलून आणल्यासारखा दिसतो. तो बाजूला काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हलवायचा आहे, पुढेमागे ग्राफिक कार्ड घालायचं आहे, आणि हातात सहा हजार रुपये आहेत.

हलवता येतो. पण डेलचा मूळ मदरबोर्डच उचलून नव्या कॅबिनेटमध्ये बसवायचा असेल, तर त्यावर पैसे घालू नका असंच मी सांगेन. माझं बेळगावात दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, असे डबे हाताखालून सतत जातात, म्हणून कारणं जरा तपशिलात लिहितो. आणि हेही सांगतो की चांगलं दिसणारं मशीन हवं वाटणं यात काहीच गैर नाही. रोज चार-सहा तास ज्याच्यासमोर बसायचं ते नजरेला बरं वाटावं, ही रास्त अपेक्षा आहे. "चालतंय ना, मग कशाला" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

साधा असेंबल्ड कॉम्प्युटर ठरलेल्या मापांवर बांधलेला असतो. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्याचा, २४ पिनांचा कनेक्टर, पोर्टच्या पट्टीसाठी मागे साधारण १५९ बाय ४४.५ मिलिमीटरचा चौकोन. म्हणून कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसतो. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिस मशिनांत मात्र डबा, बोर्ड आणि एसएमपीएस एकमेकांसाठीच बनवलेले असतात. तुमच्या ३०२०ला एसएमपीएसमधून २४ नव्हे, ८ पिनांचा कनेक्टर येतो, शिवाय प्रोसेसरसाठी वेगळा ४ पिनांचा. हार्डडिस्कची वीजही एसएमपीएसमधून सरळ न येता मदरबोर्डवरून येते. मागच्या पोर्टची चौकट डब्याच्या पत्र्यातच कापलेली आहे, सुटी प्लेट नाही. समोरचं बटण, यूएसबी, ऑडिओ यांची जोडणीही डेलच्या स्वतःच्या पद्धतीची.

हे सगळं जुळवण्यासाठी ऑनलाइन वायरी मिळतात. २४ पिनांवरून डेलच्या ८ पिनांवर नेणारी, एचपीसाठी ६ पिनांची, लेनोवोसाठी मॉडेलनुसार १४ किंवा १० पिनांची. त्या चालतात, पण मॉडेल तंतोतंत जुळलं तरच. कनेक्टर दिसायला सारखा असला म्हणजे आतली जोडणी सारखी असते असं नाही. डेलच्या एका पिढीचा ८ पिनी आणि दुसऱ्या पिढीचा ८ पिनी यांत फरक असू शकतो, आणि काही बोर्डांना मशीन बंद असताना नेहमीच्या ५ व्होल्टऐवजी जास्त व्होल्टेज लागतं, त्यासाठी वायरीत छोटं सर्किट असावं लागतं. म्हणून विक्रेत्याच्या यादीत तुमचा मॉडेल नंबर छापलेला नसेल तर ती वायर घेऊ नका.

वीज जुळली तरी काम संपत नाही. स्क्रूची भोकं नव्या कॅबिनेटच्या स्टँडऑफशी, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी खुंटांशी, सगळी जुळत नाहीत. जो स्टँडऑफ भोकाखाली येत नाही तो काढलाच पाहिजे, नाहीतर पितळेचं ते टोक बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतं. अशा अनेक मशिनांत प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हिटसिंकचे चार स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन खालच्या पत्र्यातच घट्ट होतात. पत्रा गेला की हिटसिंक धरायला काही उरत नाही, मागे वेगळी पट्टी लावावी लागते. पंख्याचा कनेक्टर काही डेल बोर्डांवर ५ पिनांचा असतो. आणि समोरच्या पॅनेलची वायर किंवा पंखा जागेवर सापडला नाही की दर वेळी चालू करताना इशारा येतो आणि एफ१ दाबावं लागतं. एचपीत तर समोरचा यूएसबी नाही, ऑडिओ नाही, मागचा पंखा नाही, असे वेगवेगळे इशारे येतात. यावर उपाय म्हणून लोक जुनं फ्रंट पॅनेल तसंच जोडून नव्या कॅबिनेटच्या आत बांधून ठेवतात. चालतं, पण समोरचे यूएसबी मग उपयोगाचे राहत नाहीत.

आता पैशाची बाजू. वायर, पट्टी, पंख्याचा जोड, मागची प्लेट, बटणाची जोडणी या सगळ्यावर जाणारा पैसा फक्त या एका बोर्डासाठी असतो. उद्या बोर्ड बदलला की तो सगळा वाया. आणि हा बोर्ड उद्या बदलणारच आहे. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथी पिढी त्या यादीत नाही. उलट, चांगलं कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस दहा वर्षं सोबत राहतात. त्यात आज जुन्या पिढीचा साधा बोर्ड बसेल, तीन वर्षांनी नवा. म्हणून पैसे ठरलेल्या मापाच्या वस्तूत घाला, डेलच्या खास वस्तूंत नको.

तुमच्याकडच्या वस्तूंतून काय वाचवायचं? प्रोसेसर, रॅम, आणि असेल तर एसएसडी. हे तिन्ही त्याच पिढीच्या साध्या बोर्डावर बसतात. डेलचा बोर्ड, एसएमपीएस आणि डबा सोडून द्या, आणि एच८१ चिपसेटचा साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या. आय५ची चौथी पिढी एलजीए ११५० सॉकेटची (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा), रॅम डीडीआर३, दोन्ही त्यावर जसेच्या तसे बसतात. जुन्या एच८१ बोर्डावर काही उशिरा आलेले प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-४५९०, बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम) अपडेट केल्याशिवाय उठत नाहीत, तेवढं दुकानदाराला नंबर सांगून विचारा. कूलर मात्र स्वस्तात मिळतो, कारण ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटच्या कूलरची भोकं एकाच अंतरावर आहेत. थर्मल पेस्ट नवीन लावा.

भाव वर-खाली होतात, पण अंदाज असा: बाजूला काच असलेलं बरं कॅबिनेट दोन ते अडीच हजार, चांगला एसएमपीएस अडीचच्या आसपास, सेकंडहँड एच८१ बोर्ड दीड ते दोन हजार, कूलर तीन-चारशे. म्हणजे सहा हजार तीनशे ते सात हजार चारशेपर्यंत जातं. जुना सांगाडा विकून वरचे पैसे बऱ्यापैकी निघतात. बेळगावात हवं ते कॅबिनेट दिसलं नाही तर हुबळी किंवा कोल्हापूरहून मागवता येतं, फक्त काच प्रवासात फुटते, तेव्हा पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्या विंडोजचं लायसन्स डेलच्या बोर्डाला जोडलेलं असतं. बोर्ड तोच ठेवून फक्त डबा बदलला तर ते टिकतं, बोर्ड बदलला तर सहसा टिकत नाही. अभ्यास, ब्राउझर, सिनेमे एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका, या मशीनवर ते हलकं चालतं आणि अपडेटही मिळत राहतात. विंडोजच हवं असेल तर तो खर्च हिशेबात धरा.

एसएमपीएसबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे. कॅबिनेटसोबत "४५० वॅट एसएमपीएस फ्री" अशी जोडी मिळते. ती घेऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच चालतात. तिथे ३५ अँपिअर असेल तर १२ गुणिले ३५, म्हणजे ४२० वॅट, हा खरा ४५०चा एसएमपीएस. तिथे १६ अँपिअर असेल तर १९२ वॅट, मग वर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेलं असो. तुमच्या डेलचा जुना २५५ वॅटचा एसएमपीएस अशा फुकटच्या डब्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याच्या चाचणीचा) शिक्का असलेला आणि किमान तीन वर्षं वॉरंटीचा बघा.

ग्राफिक कार्ड पुढे घ्याल तेव्हा जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॅटचं घ्या. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६४०० नवं आहे आणि वीजही कमी खातं, पण ते चारच लेनवर, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या चारच वाटांवर, चालतं. एच८१ बोर्डावर कार्डाची खाच जुन्या, हळू पीसीआयई २.० पिढीची असते, तिथे त्याचा वेग घटतो, म्हणून तुमच्यासाठी मी ते निवडणार नाही.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची घ्या, काच फक्त बाजूला. पुढेही काच असलेली कॅबिनेटं फोटोत देखणी दिसतात, पण आत हवा जायला जागा नसते. आपल्याकडे मार्च ते मे तांबडी धूळ आणि जून लागला की खानापूरकडे भिंतींनाही ओल येते. जाळीमागे निघणारा डस्ट फिल्टर हवा, तो पाण्याखाली धुवून पूर्ण वाळवून परत लावायचा. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. मागची कार्डांची एकही रिकामी खाच उघडी ठेवू नका. पाल आत शिरून एसएमपीएसमध्ये गेली की पालही जाते आणि एसएमपीएसही.

दिव्यांसाठी आरजीबी, म्हणजे रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या, पंख्यांवर जादा पैसे घालायची गरज नाही. गणपतीच्या आधी सजावटीच्या दुकानांत १२ व्होल्टची एलईडी पट्टी मीटरवर मिळते. एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरची पिवळी वायर १२ व्होल्टची आणि काळी ग्राउंडची, त्यावर ती चालते. जोडावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. पट्टीवर ५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर पिवळ्या वायरीला चुकूनही लावू नका. एकच शांत रंग, वायरी मागच्या बाजूने बांधलेल्या, एवढ्यानेच कॅबिनेट महाग दिसतं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार जुन्या घरांतून नेहमी येते. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे, अर्थ नसेल तर, पत्र्यावर मुख्य विजेच्या साधारण निम्मं व्होल्टेज येतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टेस्टर पेटतो आणि यूएसबीची उपकरणं वेडीवाकडी वागतात. तीन पिनी सॉकेट असणं पुरेसं नाही, त्याच्या वरच्या भोकामागे खरंच अर्थ आहे का ते वायरमनकडून बघून घ्या.

सहा हजारांच्या वर जायचंच नसेल, तर दुसरा मार्गही मला मनापासून आवडतो: आहे तोच डबा देखणा करायचा. आतलं सगळं काढा, फोटो काढत काढत. पोलादी पत्रा बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात पावडर कोटिंग करणाऱ्यांकडे द्या. तिथे तो भट्टीत दोनशे अंशांच्या जवळपास तापतो, म्हणून प्लॅस्टिकचा एक तुकडाही त्यावर राहता कामा नये. स्टँडऑफच्या आट्यांवर आणि जिथे बोर्ड पत्र्याला टेकतो तिथे टेप लावायला सांगा, कारण रंगाखाली ग्राउंडची जोडणी तुटते. समोरचं प्लॅस्टिक पॉलिश पेपरने घासून, प्रायमर मारून, घरीच स्प्रेने रंगवा, हलके तीन हात, प्रत्येक हात वाळू देत. मॅट काळा किंवा गर्द हिरवा फार शोभतो. या डब्यात जीटी १०३०चं बुटकं कार्ड बसतं, ते ३० वॅटचंच आहे, एसएमपीएस बदलावा लागत नाही. लायसन्सही जागेवर राहतं. मोठे गेम खेळायचे नसतील तर मी हेच करेन.

नवा बोर्ड घेतलात तर कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, एक रॅम, कूलर आणि एसएमपीएस एवढंच जोडून चालू करून बघा. पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवल्या की मशीन उठतं. स्क्रीनवर बायोस दिसला की मगच आत बसवा. बटणाच्या दोन वायरी कशाही लावल्या तरी चालतात, दिव्याच्या वायरींना मात्र प्लस-मायनस असतं.

डेलचा बोर्ड, एसएमपीएस आणि डबा सुटे विकू नका. ते तिघं एकमेकांतच बसतात, त्यामुळे ज्याचं ३०२० बंद पडलंय त्याला तो पूर्ण संच हवा असतो, आणि किंमतही त्यालाच बरी येते.