सत्तरच्या दशकातला चित्रपट, पण प्रत कोणती? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९७५च्या आसपासचा एक मराठी तमाशापट यूट्यूबवर पाहिला. दोन तास चार मिनिटांचा आहे. मोठी बहीण म्हणते, यातली एक लावणी आणि वाड्यावरचा प्रसंग गायब आहे. खरंच कापलंय की तिच्या डोक्यात दुसरा चित्रपट आहे? (सांगली)

उत्तर : सुरुवातीला सेन्सॉर सर्टिफिकेट येतं, तिथे थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी असते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर सरकते. लांबीला २७.४ने भागलं की मिनिटं मिळतात. समजा ३,८३६ मीटर लिहिलंय, म्हणजे १४० मिनिटं. तुमच्याकडे १२४, म्हणजे सोळा मिनिटं गेली असं वाटेल. पण थांबा. प्रत जुन्या पॅल (सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवरून चढवलेली असेल तर ती २५ फ्रेमने पळते आणि काही न कापताही १४०ची साधारण १३४ मिनिटं होतात. मग खरी तूट दहा मिनिटांची. एक लावणी आणि एक प्रसंग त्यात आरामात बसतात, तेव्हा बहिणीशी वाद घालू नका.

सर्टिफिकेटही डोळे झाकून मानू नये. ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायचा) हा वर्ग १९८३मध्ये आला, आणि बोर्डाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं तेही त्याच वर्षी. सत्तरच्या दशकातल्या चित्रपटावर यातलं काही दिसलं तर ते सर्टिफिकेट नंतरचं आहे, आणि त्यावरची लांबी आधीच छाटलेल्या प्रतीची असू शकते. खाली त्रिकोण असेल तर बोर्डाने कात्री लावली होती.

काय गेलं ते कानाने ओळखा. प्रसंग मुळातच तसा संपत असेल तर पार्श्वसंगीत नीट थांबतं. कात्री लागली असेल तर सूर मध्येच तुटतो आणि पुढचं वाक्य अर्ध्यावरून सुरू होतं. वर उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकून गेला की रीळ संपत आलं समजा. ही प्रोजेक्टरवाल्यासाठीची खूण. त्या जागी दोन-चार सेकंद उडाले असतील तर ती झीज आहे, कारण रिळाची टोकंच सगळ्यात आधी फाटतात.

प्रश्न : वडील शपथेवर सांगतात की ‘शोले’त ठाकूर गब्बरला ठार करतो. मी पाहिला त्यात पोलीस येऊन थांबवतात. (नागपूर)

उत्तर : दोन्ही शेवट खरे. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला पटलं नाही. आणीबाणीचे दिवस होते. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि १५ ऑगस्ट १९७५ला पोलीसवाला ‘शोले’ लागला. वडिलांनी मूळ शेवट पाहिला असेल तो बहुधा पुढे व्हिडिओवर. तुमच्याकडची प्रत कोणती हे शेवटापर्यंत न थांबताही कळतं. इमामच्या मुलाचा, म्हणजे सचिनचा प्रसंग बघा. सेन्सॉर झालेल्या प्रतीत गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि दृश्य तिथेच तुटतं. आमच्या मते तो प्रसंग तिथेच तुटलेला जास्त भेदक आहे. शेवट मात्र मूळचाच हवा. लांबीही तपासा : छोटी प्रत १८८ मिनिटांच्या आसपास, मोठी २०४. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली.

प्रश्न : डीव्हीडीवर गाणं लावून पेटी वाजवतो. पट्टी पांढरी चारमध्येही बसत नाही आणि काळी तीनमध्येही नाही. पेटी तर नुकतीच ट्यून केली आहे. (पुणे)

उत्तर : पेटीचा दोष नाही. वर सांगितलेला २५ फ्रेमचा वेग इथेही नडतो. चार टक्के वेग वाढला की सूर साधारण पाऊण पट्टी चढतो, म्हणून तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतो. व्हीएलसी या संगणकावरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. पण आधी ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘टाइम स्ट्रेचिंग’ची खूण काढा, ती राहिली तर गाणं संथ होईल, सूर तिथेच राहील. तरीही बसलं नाही तर टेपवरून उतरवताना वेग हललेला असतो. मग सुरुवातीच्या वाद्यमेळातला एखादा लांब स्वर धरून एकेक टक्क्याने वेग जुळवा.

प्रश्न : नव्या टीव्हीवर जुन्या चित्रपटातली माणसं कधी बुटकी-जाड दिसतात, तर कधी त्यांची कपाळंच उडतात. (ठाणे)

उत्तर : जवळपास चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की माणसं जाड होतात, आणि मोठं करून भरलं की उंचीतला पाव भाग जातो. सिनेमातली गोल वस्तू शोधा : बैलगाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ. ती गोल दिसेपर्यंत रिमोटवरचं ‘पिक्चर साइझ’ बदला, बहुतेक वेळा ‘४:३’वर जमतं. बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. चॅनलनेच कापून दाखवलं असेल तर मात्र इलाज नाही.

प्रश्न : रंगीत चित्रपट गुलाबी का होतात? (गोवा)

उत्तर : त्या काळच्या प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो आणि किरमिजी टिकतो. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘टिंट’ हिरव्याकडे थोडा सरकवला तर चेहरे बरे दिसतात; रंग वाढवू नका, गुलाबीच वाढेल. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ कृष्णधवल, त्यांत चांदीचे कण असल्याने हे दुखणं नाही. निळू फुले बघायचे तर सुरुवात तिथूनच करा : आधी ‘सामना’तला हिंदुराव, लगेच ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू.