सॉलिड स्टेट बॅटरी येईपर्यंत इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची थांबू का?

तुम्ही लिहिलंय की म्हापसा-पणजी रोज ये-जा आहे आणि "डबल रेंजच्या बॅटऱ्या येतायत" हे सॉलिड स्टेटचे (म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटरीचे) व्हिडिओ बघून आता घ्यावी की दोन वर्षं थांबावं ते कळत नाही. माझं मत, थांबू नका. कारण सांगतो, थोडं लांबेल.

मी फोंड्याला राहतो, कामाला कुंडईला, जाऊन-येऊन वीसेक किमी. माझी पहिली ई-स्कूटर लेड अ‍ॅसिडवाली होती, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि दीड वर्षात परतताना फर्मागुडीच्या चढावर ती अशी काय कण्हायला लागली की मागून येणारा माणूस उतरून ढकलू का विचारायचा. शेवटी बॅटऱ्या काढल्या तेव्हा वाड्यावरच्या पसरकाराच्या (किराणा दुकानदाराच्या) काट्यावर चारही ठेवून बघितल्या, 26 किलो भरल्या, आणि आत वीज किती तर जेमतेम एक युनिट (आपल्या बिलावर येतं तेच युनिट). आताच्या लिथियम स्कूटरचा काढता येणारा बॅटरी पॅक त्याच काट्यावर 14 किलो भरला आणि त्यात दोन युनिट आहेत. एनर्जी डेन्सिटी म्हणजे हेच हो, किलोमागे किती वीज मावते, यात गूढ काही नाही.

आता ते "डबल" प्रकरण. लिथियम आयन बॅटरी सोनीने 1991 ला बाजारात आणली, तेव्हापासून आजपर्यंत सेलची डेन्सिटी साधारण तिप्पट झालीय, म्हणजे तीस वर्षांत तिप्पट. मोबाईलच्या चिपसारखं इथे दर दोन वर्षांनी दुप्पट होत नाही, कारण इथे खरोखरचे अणू एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे असतात आणि चार्ज होताना लिथियम ज्यात जाऊन बसतो त्या ग्राफाइटमध्ये (हा कार्बनचाच प्रकार) सहा कार्बनमागे एकच लिथियम मावतो. त्याऐवजी सिलिकॉन वापरला तर वजनामागे जवळजवळ दहापट लिथियम धरतो, पण धरताना तिपटीहून जास्त फुगतो. आपल्याकडे जून लागला की लाकडी दरवाजा फुगून चौकटीत अडकतो ना, तसं, फक्त हे दर चार्जला फुगणं आणि दर वापराला आकसणं, मग तडे जाणारच. म्हणून सध्या ग्राफाइटमध्ये थोडाच मिसळतात. सॉलिड स्टेटमध्ये ग्राफाइटऐवजी थेट लिथियम धातूच वापरायचा विचार आहे, पण चार्ज करताना त्याला सुयांसारखे कोंब फुटतात आणि ते मधला पडदा भेदून शॉर्ट करू शकतात. टोयोटा 2027-28 म्हणतेय, ते पण गाड्यांसाठी, आणि पहिल्यांदा आल्या तरी महागड्या गाड्यांतच येतील, तुमच्या-माझ्या स्कूटरला यायला अजून किती वर्षं ते सांगायला ज्योतिषी लागेल.

आणि गंमत म्हणजे बाजार उलट्या दिशेने चाललाय! एलएफपी म्हणजे लोखंड-फॉस्फेटवाली बॅटरी डेन्सिटीत निकेलवालीपेक्षा (तीही लिथियमचीच, दुसरा प्रकार) कमी, तरी तीच जास्त खपतेय कारण स्वस्त आहे, टिकते आणि लवकर पेट घेत नाही. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटींत तर लिथियमचाच आणखी एक प्रकार, टायटनेटवाली आहे, डेन्सिटीत ती एलएफपीच्याही खाली, पण दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होते, प्रवासी चढ-उतार करेपर्यंत काम झालं. आमच्या रायबंदर-चोडण फेरीबोटीलासुद्धा असलंच काही शोभेल, नदीच तर ओलांडायची. डेन्सिटी खरी लागते विमानाला, किंवा चोर्ला घाट चढून बेळगावला माल नेणाऱ्या ट्रकला, तिथे बॅटरीचा प्रत्येक किलो मालातून कापला जातो.

पेट्रोलमध्ये किलोला 12 युनिट असतात हे खरं, बॅटरीवाल्यांना हाच टोमणा मारतात लोक, पण त्यातला मोठा भाग सायलेन्सर गरम करण्यात जातो. लिटरमध्ये 9 युनिट धरा आणि पेट्रोल स्कूटरचं पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे युनिटमागे पाच किमी. माझी स्कूटर युनिटमागे तीसेक किमी जाते.

तुमचं रोजचं अंतर सव्वीस-सत्तावीस किमी, म्हणजे एक युनिट. आजची कुठलीही बरी स्कूटर हे अर्ध्या चार्जवर करते, मग दुप्पट रेंज घेऊन करणार काय? खरी प्रगती झालीय ती स्वस्ताईत, 2010 ला युनिटमागे हजार डॉलरच्या वर असलेला पॅक 2024 ला 115 डॉलरच्या आसपास आला.

तुम्ही चिंता करायची तर दुसऱ्याच गोष्टीची करा. पावसात रात्री लाईट गेली की सकाळी चार्ज अर्धवट, त्यामुळे मी जून ते सप्टेंबर वीस टक्क्यांपर्यंत वाट बघतच नाही, संध्याकाळी आलो की लावतो. समुद्राजवळ राहत असाल तर चार्जिंगच्या पिना खारट हवेने हिरव्या पडतात, त्या पुसत राहा. आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तुमच्या मीटरवरचा प्लग मिळणार का ते सोसायटीला आधी विचारा, स्कूटर बुक करण्याआधी. नसेल मिळत आणि लिफ्टही नसेल, तर शोरूममध्ये तो 14 किलोचा पॅक काढायला लावा आणि हातात धरून दोन जिने चढून बघा.