कंट्रोल-एफ९ दाबला की टर्बो सी गायब!

(टर्बो सी, म्हणजे सी आणि सी प्लस प्लसचे प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, त्याच्यावरचे बरेच प्रश्न साठले होते, म्हणून यावेळचं सदर सगळं त्याच्यावरच. कमांड आणि मेनूची नावं इथे देवनागरीत छापलीयेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीतच करा.)

प्रश्न : दादा, मी बारावी कम्प्युटर सायन्सला आहे. लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्यात डॉसबॉक्स टाकून टर्बो सी प्लस प्लस चालवतो. प्रोग्राम कम्पाइल होतो, एरर शून्य, पण रन करायला कंट्रोल-एफ९ दाबलं की अख्खी विंडोच बंद होते आणि लिहिलेलं सगळं जातं. व्हायरस आहे का? – नांदेडचा एक विद्यार्थी

उत्तर : व्हायरस बियरस काही नाही रे, उगाच फॉरमॅट मारू नकोस. टर्बो सी प्लस प्लस ३.० हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉससाठी (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) बनलेलं, म्हणजे १६ बिटचं सॉफ्टवेअर. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, म्हणून मधे डॉसबॉक्स लागतो, तो जुन्या पीसीचं सोंग घेतो आणि टर्बोला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत. आता गंमत अशी की डॉसबॉक्सच्या स्वतःच्याही काही शॉर्टकट की आहेत आणि त्यात कंट्रोल-एफ९ म्हणजे 'डॉसबॉक्स ताबडतोब बंद कर'. तू की दाबतोस टर्बोसाठी, पण ती आधी डॉसबॉक्सच्या हाताला लागते, टर्बोपर्यंत पोचतच नाही.

सोपा उपाय म्हणजे ऑल्ट-आर दाबून रन मेनू उघड आणि एंटर मार. कायमचं करायचं असेल तर कंट्रोल-एफ१ ने डॉसबॉक्सचा कीमॅपर (कोणती की काय करते ते ठरवायचा स्क्रीन) उघडतो, त्यात शटडाउन नावाचा चौकोन शोध, तिथली की डिलीट कर आणि सेव्ह करून बाहेर ये. काही लोकांनी नेटवर टाकलेल्या रेडिमेड सेटअपमध्ये हे आधीच केलेलं असतं, म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर चालतं आणि तुझ्यावर नाही.

असेच अजून दोन घोटाळे आहेत. कंट्रोल-एफ७ (वॉच लावणे, म्हणजे व्हेरिएबलच्या किमतीवर नजर ठेवणे) आणि कंट्रोल-एफ८ (ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवायची ओळ) या दोन्ही की डॉसबॉक्स फ्रेमस्किप (चित्राच्या किती फ्रेम गाळायच्या ते) कमीजास्त करायला वापरतो, त्यामुळे दाबल्या तरी टर्बोत काही घडत नाही, तेही डीबग मेनूतूनच करायचं. माऊस आत अडकला तर कंट्रोल-एफ१०. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑप्शन्समध्ये एन्व्हायर्न्मेंट, त्यात प्रेफरन्सेस, तिथे ऑटो सेव्हमधलं एडिटर फाइल्स टिक करून ठेव, मग रन करताना फाइल आपोआप सेव्ह होते आणि इनफिनिट लूपमध्ये अडकून विंडो बंद करावी लागली तरी रडायची वेळ येत नाही.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून टर्बो कॉपी केलं. आता साधा हॅलोचा प्रोग्राम पण "अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल" म्हणतो. – डिप्लोमाची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : पाथ चुकलाय, बाकी काही नाही. ऑप्शन्स, डिरेक्टरीज उघड. तिथे इन्क्लूड आणि लायब्ररीचे पाथ ज्याच्याकडून कॉपी केलंस त्याच्या फोल्डरचे आहेत, तुझे टाक. पण लक्षात ठेव, हा पाथ डॉसबॉक्सच्या आतला हवा, विंडोजचा नाही, म्हणजे टर्बोचं फोल्डरच सी ड्राइव्ह म्हणून माउंट केलं (जोडलं) असेल तर पाथ त्या सीपासूनच सुरू होतो. इन्क्लूड बरोबर करून लिंकरने (कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) सी-झिरो-एस डॉट ओबीजे सापडत नाही अशी तक्रार केली तर लायब्ररीचा पाथ राहिला समज.

प्रश्न : सर, फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ पर्यंत बरोबर चालतो, ८ दिलं की उत्तर उणे २५२१६ येतं!! मैत्रिणीच्या मोबाइलमधल्या कम्पायलरवर तोच प्रोग्राम ४०३२० देतो. कोणीतरी सांगितलं इंट काढून लाँग कर, केलं, तरी तेच उत्तर. लॉजिक तर बरोबर आहे ना? – बीएस्सी फर्स्ट इयर, सांगली

उत्तर : लॉजिक एकदम बरोबर आहे गं. टर्बोमध्ये इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटचा, त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. ४०३२० त्याच्या पुढे गेला म्हणून त्यातून ६५५३६ वजा होऊन उणे २५२१६ दिसला. मोबाइलवर इंट चार बाइटचा असतो, तिथे आरामात मावतो. टर्बोतला लाँगही चार बाइटचा, म्हणजे लाँगचा सल्ला बरोबरच होता.

मग लाँग करूनही तेच का? इथेच डीबगर (प्रोग्राम ओळीओळीने चालवून चूक शोधायचं साधन) कामाला येतो, आणि हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय कारण आपल्याकडे प्रॅक्टिकलला तीन-तीन वर्षं टर्बो वापरणाऱ्या मुलांनी एफ७ कधी दाबलेला नसतो, प्रोग्राम चुकला की नुसतं कोडकडे टक लावून बसायचं किंवा शेजारच्याचं उतरवायचं. तर, रन न करता एफ७ दाब. मेनकडे निळी-हिरवी पट्टी येईल, मग प्रत्येक एफ७ ला एक ओळ पुढे. एफ७ फंक्शनच्या आत शिरतो, एफ८ फंक्शन पूर्ण करून पुढच्या ओळीवर येतो, आणि लूपनंतरच्या ओळीवर कर्सर ठेवून एफ४ दाबलं तर थेट तिथपर्यंत पळतो. डीबग मेनूतून फॅक्ट या व्हेरिएबलवर वॉच लाव. खालच्या खिडकीत १, २, ६, २४, १२० असं वाढताना दिसेल आणि शेवटी ४०३२०. म्हणजे गणित बरोबर झालंय! मग स्क्रीनवर उणे कुठून आलं? प्रिंटएफमधून, म्हणजे स्क्रीनवर छापणाऱ्या फंक्शनमधून. तू व्हेरिएबल लाँग केलंस पण प्रिंटएफमध्ये परसेंट-डी (इंट छापायची खूण) तसंच ठेवलं असणार, त्यामुळे त्याने चारपैकी दोनच बाइट वाचले आणि पुन्हा तोच उणे आकडा छापला. परसेंट-एलडी (लाँगची खूण) कर. हे १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत पुरेल, १३ ला लाँगही संपतो, तिथे डबल घे.

वॉचमध्ये एक आणि स्क्रीनवर दुसरंच दिसलं तर हिशोबात नाही, छापण्यात शोधायचं. डीबगिंग अर्धवट सोडून पहिल्यापासून सुरू करायचं असेल तर रन मेनूत प्रोग्राम रिसेट आहे.

प्रश्न : एम्प्लॉयी स्ट्रक्चरच्या ॲरेमध्ये पगार फ्लोटमध्ये घेताना प्रोग्राम मधेच मरतो, "फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड". – अकोला

उत्तर : जुनं आणि प्रसिद्ध दुखणं. मेमरी वाचवायची म्हणून टर्बो दशांश आकडे वाचायचा-छापायचा कोड गरज दिसली तरच जोडतो, आणि स्ट्रक्चरच्या ॲरेत त्याला ती गरज कधीकधी दिसतच नाही. पगार आधी साध्या फ्लोट व्हेरिएबलमध्ये स्कॅन करा, मग स्ट्रक्चरमध्ये टाका. चालेल.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. मुलांना टर्बो सोडायला सांगावं का? – एक शिक्षिका, पुणे

उत्तर : मॅडम, माझं स्पष्ट मत, लॅबमध्ये आणि परीक्षेत टर्बो असेल तर तेवढ्यापुरतं वापरू द्या, पण घरी जीसीसी (आजचा फुकट मिळणारा कम्पायलर) टाकायला लावाच. सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ स्टँडर्ड १९९८ चं, टर्बो त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे नेमस्पेस (नावांचे गट) नाही, एसटीएल (तयार साधनांची लायब्ररी) नाही, आणि आयओस्ट्रीमला डॉट एच लावल्याशिवाय चालत नाही. मुलं पहिल्यांदा जीसीसीवर तोच प्रोग्राम टाकतात, वीस एरर येतात आणि घाबरून परत फिरतात. त्यातले निम्मे तरी कोनिओ डॉट एच ही टर्बोची हेडर फाइल आणि तिच्यातले क्लियरस्क्रीन (स्क्रीन पुसणे) आणि गेटसीएच (की दाबेपर्यंत थांबणे) यांच्यामुळे असतात. क्लियरस्क्रीन आणि गेटसीएच लिहायची सवय का लागली तेही मुलांना दाखवा : टर्बो आधीच्या रनचं आउटपुट पुसत नाही म्हणून क्लियरस्क्रीन, आणि प्रोग्राम संपताच परत एडिटरवर उडी मारतो म्हणून गेटसीएच. खरंतर नुसतं ऑल्ट-एफ५ दाबलं तरी आउटपुट दिसतं.