सिउदाद दे मुर्सिया : भरात असताना विकला गेलेला क्लब

तुम्ही विचारलंय की स्पेनमधला खालच्या डिव्हिजनमधला, आता बंद पडलेला एखादा क्लब सांगा आणि तो कशामुळे बंद पडला. अशा क्लबांची गोष्ट बहुतेक वेळा कर्जाची असते, पण मला जो सांगायचाय तो बंद पडायला कर्जाचं निमित्तही लागलं नाही, संघ चांगला खेळत होता आणि तेव्हाच तो उचलून दुसऱ्या गावाला नेला.

क्लबचं नाव सिउदाद दे मुर्सिया. मला हे नाव कळलं ते हॉस्टेलवर, रूममेटच्या कॉम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजर 2007 खेळताना. मोठा क्लब घ्यायचा नाही असं ठरवून सेगुंदा म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनची यादी बघत होतो आणि तिथे एकाच शहराचे दोन क्लब दिसले, एक रेआल मुर्सिया आणि एक हा. मी हा घेतला. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये शोधला तर सापडेना, तेव्हापासून मी याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

हा क्लब 1999 मध्ये कीके पीना नावाच्या माजी खेळाडूने काढला. मुर्सिया हे आग्नेय स्पेनमधलं शहर, तिथे रेआल मुर्सिया आधीपासूनच होता आणि गावाचं प्रेम, बातम्या, गर्दी सगळं त्याच्याकडे. तरीही हा नवा संघ एकेक पायरी चढत 2003 मध्ये थेट सेगुंदात पोचला, म्हणजे स्थापनेपासून फक्त चार वर्षांत. सेगुंदातल्या पहिल्याच सीझनला कोच म्हणून हुआन मानुएल लियो होता, तोच जो पुढे मँचेस्टर सिटीत तिथला कोच ग्वार्दिओलाचा असिस्टंट झाला. आणि स्ट्रायकर होता दानी ग्वीसा. त्याआधी त्याचं कुठेच नीट बस्तान बसलं नव्हतं, इथे 2003 ते 2005 दोन सीझन खेळला, भरपूर गोल केले आणि तिथून गेताफेला गेला. 2007-08 ला मायोर्कासाठी 27 गोल मारून तो ला लीगाचा म्हणजे पहिल्या डिव्हिजनचा टॉप स्कोरर झाला, आणि 2008 च्या युरो कपच्या सेमीफायनलला रशियाविरुद्ध स्पेनचा दुसरा गोल त्याचाच. ग्वीसा खऱ्या अर्थाने घडला तो इथे असं माझं मत आहे, आणि ही गोष्ट फार कमी लोक सांगतात याचं मला वाईट वाटतं.

मॅचेस व्हायच्या ला कोंदोमिनावर. 1924 चं जुनं स्टेडियम, शेजारीच बैलझुंजीचा आखाडा. आधी दोन्ही क्लब तिथेच खेळायचे, मग 2006 मध्ये रेआल मुर्सिया शहराबाहेरच्या 31 हजार सीट्सच्या नव्या स्टेडियमवर गेला आणि जुनं मैदान या छोट्या क्लबकडे राहिलं.

आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट. 2005-06 ला सिउदाद चौथा आला. 2006-07 ला पुन्हा चौथा. सेगुंदातून तेव्हा वर जायचे फक्त तीन, पुढच्या नंबरवाल्यांना वर जायची आणखी एक संधी देणारा प्लेऑफ नव्हताच, तो आला 2010-11 पासून. आजचा नियम असता तर ही पोरं दोन्ही वर्षी प्लेऑफ खेळली असती. आणि त्या 2006-07 ला तिसरा कोण आला असेल? रेआल मुर्सिया. म्हणजे शेजारचा ला लीगात गेला आणि हे लगेच त्याच्या खालच्या नंबरवर राहिले. मला वाटतं तिथेच सगळं फिरलं, कारण गावाला आता पहिल्या डिव्हिजनचा क्लब मिळाला होता, मग दुसऱ्या क्लबचं तिकीट काढणार कोण.

त्याच उन्हाळ्यात पीनाने क्लब विकला, दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या कार्लोस मार्सा या उद्योजकाला. हे कसं जमतं असा प्रश्न पडेल. स्पेनमध्ये 1990 च्या क्रीडा कायद्याने प्रोफेशनल क्लबांना कंपनी बनावं लागलं, रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चारच सुटले. कंपनी म्हटलं की शेअर्स आले, शेअर्स विकत घेतले की सेगुंदातली जागाही हातात येते, मग नाव बदला, पत्ता बदला, झालं. सिउदाद दे मुर्सियाचा ग्रानादा 74 झाला. फुटबॉल फेडरेशनने विरोध केला, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं, पण संघ सेगुंदात खेळलाच.

मात्र ग्रानादालाही तो नको होता. त्या शहराचा स्वतःचा जुना ग्रानादा सीएफ होता, तिसऱ्या पातळीवर धडपडत असला तरी लोकांचा जीव त्याच्यावर. शहरातलं लोस कार्मेनेस स्टेडियम काही यांना मिळालं नाही, होम मॅचेस समुद्रकिनाऱ्यावरच्या मोत्रिल गावात जाऊन खेळाव्या लागल्या. नाव एका शहराचं, जागा दुसऱ्या शहराकडून आणलेली आणि मैदान तिसऱ्याच गावात, अशा संघासाठी घसा कोण कोरडा करणार? 2008 ला रेलिगेट होऊन खालच्या डिव्हिजनला गेले आणि 2009 ला खेळ संपला.

त्याच 2009 मध्ये कीके पीना ग्रानादात आला, पण जुन्या ग्रानादा सीएफचा प्रेसिडेंट म्हणून, पाठीशी उदिनेसे या इटालियन क्लबच्या मालकांचं म्हणजे पोत्सो कुटुंबाचं बळ. 2010 ला सेगुंदा, 2011 ला ला लीगा, तब्बल 35 वर्षांनी. ग्रानादाच्या लोकांसाठी मला खरंच आनंद होतो, पण मुर्सियात काढलेला क्लब विकून चारच वर्षांत त्याच माणसाने, तो क्लब जिथे गेला त्याच ग्रानादात हे करून दाखवलं, हे ला कोंदोमिनात बसणाऱ्यांना किती लागलं असेल.

ते लोक मात्र गप्प बसले नाहीत. 2010 मध्ये चाहत्यांनी एकत्र येऊन नवा क्लब काढला, नाव सीएपी सिउदाद दे मुर्सिया, आणि खालच्या प्रादेशिक लीगपासून पुन्हा सुरुवात केली. सीएपी म्हणजे 'क्लुब दे अक्सियोनारियादो पोपुलार', लोकांच्या भागीदारीचा क्लब. शेअर्स यावेळी चाहत्यांच्याच हातात, कुणा एकाला ते विकून संघ दुसऱ्या गावी नेता येणार नाही अशी सोय त्यांनी नावातच करून ठेवली.