नगर पश्चिम महाराष्ट्रात, मग अपील नाशिकला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव श्रीगोंदा तालुक्यात, राहायला पुण्यात. जमिनीच्या वादात जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला आणि वकील म्हणतात पुढचं अपील नाशिकला. नगर तर सगळे पश्चिम महाराष्ट्रात धरतात, पुणं जवळ, मग मध्येच नाशिक कुठून आलं?

वकील बरोबर सांगताहेत. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, वऱ्हाड ही नावं आपल्या तोंडातली. महसूल खात्याच्या दप्तरात 'पश्चिम महाराष्ट्र' नावाचा विभागच नाही. तिथे सहा विभाग: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. नगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर, नाशिक विभागात. सोबत जळगाव, धुळे, नंदुरबार आणि खुद्द नाशिक. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर एवढेच. जिल्हाधिकाऱ्यांच्या वर विभागीय आयुक्त, आणि तुमचे आयुक्त नाशिकरोडला बसतात.

राज्य झालं तेव्हा विभाग चार आणि जिल्हे २६ होते. आज जिल्हे ३६, शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ चा. रेषा कायमच्या नसतात, पण तुमचं अपील आजच्या रेषेवर चालणार.

आता खरी गंमत. 'विभाग' हा शब्द प्रत्येक खातं आपापल्या सोयीने वापरतं. तुमच्याच गावाचं घ्या. मुलाची दहावीची परीक्षा पुणे विभागीय मंडळाकडे. कॉलेज पुणे विद्यापीठाचं. पोलिसांचं परिक्षेत्र नाशिक. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर खंडपीठ छत्रपती संभाजीनगरचं, कारण नगर आणि खानदेशचे जिल्हे मराठवाड्यासोबत त्या खंडपीठाला जोडलेले आहेत. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांसाठी विदर्भ आणि मराठवाडा ही नावं आली आहेत. त्या हिशोबात तुम्ही 'उर्वरित महाराष्ट्र'! गाडीची पाटी मात्र एमएच १६. त्यातही उत्तरेकडच्या श्रीरामपूरची एमएच १७, म्हणजे एका जिल्ह्याला दोन आरटीओ. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके, त्यामुळे विभाजनाची मागणी जुनीच. ते झालं की हा धागा परत वर येईल.

तेव्हा "माझा विभाग कोणता" असं मोघम विचारू नका, कुठल्या खात्याचा ते आधी धरा.

मी ३१ वर्षं महसुलात काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पारनेरकडचे एक गृहस्थ आठवतात. अपिलाचे कागद त्यांनी पुण्यातल्या एका कार्यालयात नेऊन दिले. आवक खिडकीवर शिक्का मिळाला, पोच मिळाली, गृहस्थ निर्धास्त. दीड महिन्याने पाकीट परत आलं, वर एका ओळीचं पत्र: प्रकरण या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. तोवर मुदत गेलेली. मग विलंब माफीचा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र, त्यावर समोरच्याची हरकत. मूळ वाद बांधाचा. सुनावण्या उशीर का झाला यावर. आवक शिक्का म्हणजे कागद पोचला, एवढंच. तो दाखल झाला असा त्याचा अर्थ नाही.

खालची उतरंड तुम्हाला माहीत असेलच: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात भाऊसाहेबच), त्यांच्यावर मंडळ अधिकारी म्हणजे आपले सर्कल, मग तहसीलदार, मग प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, मग कलेक्टर. विदर्भातल्या कुणाशी बोललात तर तो तलाठ्याला पटवारी आणि प्रांताला एसडीओ म्हणेल. घाबरू नका, खुर्ची तीच.

मुदतीचं नीट बघा. जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाला ६० दिवस, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९०. आदेशाची नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेवरच्या अर्ज केल्याच्या आणि नक्कल तयार झाल्याच्या तारखा जपून ठेवा. त्या मागच्या पानावर बारीक शिक्क्यात असतात आणि झेरॉक्स काढताना नेमकं तेच पान राहून जातं.

आणखी एक. जिल्हाधिकाऱ्यांनी हा निकाल पहिल्यांदा दिलाय की प्रांतांच्या निकालावरच्या अपिलात, हे वकिलांना विचारा. प्रांतांचा निकालही अपिलातलाच असेल, म्हणजे दोन अपिलं आधीच झाली असतील, तर आयुक्तांकडे जायचं ते बहुधा अपील म्हणून नाही, पुनरीक्षण अर्ज म्हणून, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने निकाल तपासावा असा अर्ज. नाव चुकलं तरी पाकीट परत येतं. दोन्ही ठिकाणी पत्ता मात्र नाशिकरोडचाच.

निकालाची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख इथे टाका, दिवस मोजून सांगतो. गट नंबर आणि नावं टाकू नका.