‘फ्रिंज’च्या चौथ्या सीझनमधलं जग हे तिसरं समांतर विश्व आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फ्रिंज’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत तिसऱ्या सीझनच्या शेवटी नायक पीटर डोळ्यांदेखत नाहीसा होतो, चौथ्या सीझनमध्ये त्याची कुणाला आठवणही नसते, सगळी माणसं थोडी थोडी बदललेली असतात आणि टायटलचा रंगसुद्धा नवा. मग निळ्या टायटलचं आपलं एक विश्व, लाल टायटलचं पलीकडचं दुसरं आणि हे राळेच्या रंगाचं, चाहते ज्याला अंबर म्हणतात ते, तिसरं असं मानायचं का?

माझ्या मते नाही. जग तेच आहे, त्यातून एक मुलगा तेवढा काढून घेतलाय. मालिका शेवटापर्यंत पाहिली नसेल तर पुढे वाचू नका. चौथ्या सीझनपर्यंतचं बरंच काही खाली येणार आहे.

मी स्वतः तिसऱ्या विश्वाची थिअरी बरेच दिवस धरून होते. कारण तुम्ही म्हणता तेच, रंग. २०१० च्या सप्टेंबरात तिसरा सीझन सुरू झाला तेव्हा पलीकडच्या जगातल्या भागांना लाल टायटल आलं, आणि एका नजरेत कळायला लागलं की आज आपण कुठे आहोत. वर्षभराने नवा रंग दिसल्यावर नवं विश्व वाटणं साहजिकच होतं. पण मग सगळी टायटलं ओळीने पुन्हा पाहिली आणि तो हिशेब जुळेना. ‘पीटर’ या दुसऱ्या सीझनमधल्या भागाला १९८५ सालचं, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखं टायटल आहे. म्हणून १९८५ हे काही वेगळं विश्व ठरत नाही. तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग भविष्यात घडतो, त्याचं टायटल काळवंडलेलं आहे आणि टायटलमध्ये नेहमी झळकणाऱ्या विज्ञानातल्या भारी शब्दांच्या मधे ‘आशा’ आणि ‘पाणी’ असे दोन साधे शब्द येतात. त्या काळात या दोन गोष्टीही दुर्मीळ झाल्यात, हे तेवढ्यात सांगून होतं. म्हणजे टायटलचा रंग कधी जागा सांगतो, कधी काळ. त्यावरून विश्वांची मोजदाद करता येत नाही.

मोजायचं असेल तर परिणामांवरून मोजावं. रायडन लेकची ती रात्र आठवा. शास्त्रज्ञ वॉल्टरचा स्वतःचा मुलगा पीटर आजाराने गेलाय. पलीकडच्या जगातल्या पीटरलाही (पुढे हाच मालिकेचा नायक) तोच आजार आहे, आणि त्याला वाचवायला वॉल्टर १९८५ मध्ये तिकडे जातो. मुलाला घेऊन परत येताना पायाखालचा बर्फ फुटतो, दोघं बुडायला लागतात आणि सप्टेंबर नावाचा ऑब्झर्व्हर, म्हणजे काळात फिरून घटना न्याहाळणाऱ्यांपैकी एक, त्यांना बाहेर काढतो. चौथ्या सीझनमध्ये यातली एकच गोष्ट बदललीय: सप्टेंबर त्यांना काढत नाही. वॉल्टर वाचतो, मुलगा बुडतो. वॉल्टरने पलीकडून मूल आणलं होतं हे तसंच राहतं, म्हणून दोन जगांमधलं वैरही राहतं. फक्त मूल राहत नाही.

आता या एका बदलाचा धागा धरून पुढे चला. पहिल्या सीझनच्या शेवटी खलनायक डेव्हिड रॉबर्ट जोन्स दोन विश्वांमधल्या खिडकीतून पलीकडे निघालेला असताना पीटर ती खिडकी बंद करतो आणि जोन्सचे दोन तुकडे होतात. पीटरच नसेल तर खिडकी बंद करणारं कुणी नाही. म्हणूनच चौथ्या सीझनमध्ये जोन्स जिवंत आहे आणि सीझनभराचा उत्पात त्याचाच आहे. वॉल्टरचंही तसंच. आधीच्या सीझन्समध्ये त्याला बाहेरच्या जगात हळूहळू माणसात आणणारा मुलगा होता. इथे तो नाही, म्हणून वॉल्टर प्रयोगशाळेतच राहतो, तिथेच झोपतो, दाराबाहेर पाऊल टाकायला घाबरतो. वेगळं विश्व असतं तर मुळापासून निराळ्या गोष्टी दिसल्या असत्या. पलीकडच्या जगात एम्पायर स्टेट बिल्डिंगला हवाई जहाजं लागतात, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून तांब्याच्या रंगाचा आहे, १९८५ मध्ये थिएटरवर ‘बॅक टू द फ्युचर’च्या पाटीत एरिक स्टोल्ट्झचं नाव झळकतं. (आपल्याकडे त्या चित्रपटाचं चित्रीकरण खरोखरच स्टोल्ट्झला घेऊन सुरू झालं होतं आणि नंतर मायकल जे. फॉक्स आला. इतकं बारीक काम करणारे लेखक मला फार आवडतात.) अंबर जगात असलं काही सापडत नाही. जे फरक माझ्या नजरेला पडले, त्यांतले बहुतेक माग काढत गेलं की त्या तळ्यापाशी येतात.

आणि मालिकेने हा नियम आधीच दाखवून ठेवलाय. दुसऱ्या सीझनमधला ‘व्हाइट ट्युलिप’ हा भाग पुन्हा बघा. अ‍ॅलिस्टर पेक नावाचा शास्त्रज्ञ काळात मागे उडी मारतो. प्रत्येक उडीनंतर एफबीआय एजंट ऑलिव्हिया आणि पीटर पुन्हा त्याच आगगाडीच्या डब्यात, त्याच मृत प्रवाशांपाशी येऊन उभे राहतात आणि आधीचं त्यांना काहीच आठवत नाही. तिथे नवी फांदी फुटत नाही. पाटी पुसून पुन्हा लिहिली जाते. पण एक गोष्ट पुसण्यातून सुटते. पुसल्या गेलेल्या त्या दिवशी वॉल्टरने पेकला सांगितलेलं असतं की देवाने मला क्षमा केलीय याची खूण म्हणून मी पांढरं ट्युलिप मागितलंय. शेवटी वॉल्टर पीटरला लिहिलेलं कबुलीचं पत्र आगीत टाकतो, आणि त्याला टपालाने एक पाकीट येतं. आत फक्त एक चित्र, पांढऱ्या ट्युलिपचं. पाठवणाऱ्याची आणि त्याची भेट या लिहिलेल्या काळात झालेलीच नाही. वॉल्टर साकारणारा जॉन नोबल त्या कागदाकडे ज्या चेहऱ्याने बघतो, तो मी कितीदा थांबवून पाहिलाय.

पुसलं तरी खूण मागे राहते, हेच चौथ्या सीझनमध्ये मोठ्या प्रमाणावर चालतं. तिसऱ्या भागात वॉल्टर प्रयोगशाळेत एकटा आहे. एका अनोळखी माणसाचा आवाज ऐकू येतो म्हणून स्वतःला वेडा समजून तो डोळ्यापाशी अणकुचीदार सळई लावून बसलाय, हातात हातोडी आहे. ऑलिव्हिया त्याला थांबवते आणि सांगते की तो माणूस तिलाही दिसतो, स्वप्नात, आणि त्याच्या चेहऱ्याचं रेखाचित्र दाखवते. ज्या विश्वात पीटर कधी नव्हताच तिथे तिने हा चेहरा आणला कुठून? तिसऱ्या विश्वाच्या थिअरीकडे याचं उत्तर मला तरी मिळालेलं नाही.

सगळ्यांत गंमतीची गोष्ट ही की तुमची थिअरी मालिकेतच एकाने मांडलीय, खुद्द पीटरने. परत आल्यावर तो अर्धा सीझन हेच म्हणतो: ही माझी माणसं नव्हेत, माझी ऑलिव्हिया दुसरीकडे वाट बघतेय, मला घरी जायचंय. तो त्यासाठी ऑलिव्हियापासून दूर राहतो, वॉल्टरकडे आणि वॉल्टरनेटकडे, म्हणजे पलीकडच्या जगातल्या वॉल्टरकडे, मदत मागतो. मार्च २०१२ मधल्या ‘अ शॉर्ट स्टोरी अबाउट लव्ह’ या भागात सप्टेंबर त्याला सांगतो की तू सुरुवातीपासून घरीच होतास. पीटर धावत सुटतो आणि रस्त्यात ऑलिव्हियाला मिठी मारतो. लेखकांनी प्रेक्षकांची शंका नायकाच्या तोंडी घातली आणि तिचं उत्तर इतकं स्पष्ट दिलं, याहून जास्त काय हवं?

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करते. दोन विश्वांना जोडणारा पूल तिसऱ्या सीझनच्या शेवटी एका यंत्रामुळे तयार झाला आणि ते यंत्र पीटरलाच चालवता येत होतं. पीटर कधी नव्हता, तर चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात लिबर्टी आयलंडवर पूल आहे कसा? ऑब्झर्व्हर एवढंच म्हणतात की त्याचं काम झालं होतं. मी तो पूल ट्युलिपच्या चित्रासारखाच मानते: करणारा पुसला गेला, केलेलं उरलं. पण हा माझा अर्थ आहे, मालिकेने तो शब्दांत मांडलेला नाही. पुलाचा मुद्दा काढून कुणी भांडायला आलं तर मी त्याला खोडून काढू शकणार नाही.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या अनेक-विश्वांच्या सिद्धांताचा आधार बरेच चाहते घेतात, त्याबद्दल थोडंसं. त्यात प्रत्येक शक्यतेची वेगळी शाखा होते, पण शाखा एकदा वेगळ्या झाल्या की व्यवहारात त्यांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. खिडकी उघडून पलीकडे जाता येत नाही आणि मूल उचलून आणता येत नाही. पहिल्या सीझनमध्ये वॉल्टर ऑलिव्हियाला अशा असंख्य शक्यतांबद्दल सांगतो खरा, म्हणजे इतर विश्वं असायला मालिकेची हरकत नाही. पण कथेत एकमेकांवर आदळणारी विश्वं दोनच आहेत, आणि चौथ्या सीझनमधल्या ‘वर्ल्ड्स अपार्ट’ या भागात पूल बंद होतो तेव्हा दोन्हीकडचे वॉल्टर शेजारी बसून ज्या मुलाबद्दल बोलतात, तो त्याच तळ्यावरचा मुलगा आहे.