दोन शाळांचा मुलगा

“वर्ष वाया तर नाही ना जाणार?”

२०२२ च्या मार्चपासून हा प्रश्न मी इतक्या आयांकडून ऐकलाय की दुभाषीने तोंड उघडायच्या आत मला तो कळतो. जर्मनीत लाइपझिगला मी शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांचं समुपदेशन करते. रशियाने २४ फेब्रुवारीला हल्ला केला आणि काही आठवड्यांतच आमच्या केंद्रात युक्रेनियन आया आणि मुलं दिसायला लागली. वडील क्वचित. १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई होती.

इथल्या मराठी मंडळात किंवा पुण्याहून फोनवर कोणी ना कोणी विचारतंच, “आता काय अडचण आहे त्यांना? घर मिळालं, शाळा मिळाली, पैसेही मिळतात म्हणे.” मिळतात, खरं आहे. युरोपीय संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा २००१ पासून नुसता कागदावर होता, तो ४ मार्च २०२२ ला पहिल्यांदा लागू झाला. त्यामुळे आश्रयासाठीची लांबलचक चौकशी टळली. राहण्याचा, कामाचा, शिक्षणाचा हक्क लगेच मिळाला. पण या संरक्षणाची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, आणि घरातला प्रत्येक निर्णय पुढच्या तारखेवर टांगलेला राहतो. मुलाची इयत्ता मात्र तारखेसाठी थांबत नाही.

‘आता काय अडचण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर एका मुलाच्या गोष्टीतून देते. नावं बदलली आहेत, काही तपशील दुसऱ्या घरांतले आहेत.

दानिलो खारकिवचा. हे शहर मराठी वाचकांना अनोळखी नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली मुलं तिथल्या तळघरांतून, मेट्रो स्थानकांतून कशीबशी सीमेपर्यंत पोचली आणि ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी घरी आली. त्यांच्याही आईवडिलांचा पहिला प्रश्न ‘वर्षाचं काय?’ हाच होता. फरक इतकाच की आपल्या मुलांना परतायला घर होतं. दानिलोचं घर त्याच शहरात होतं.

आई ओलेना, एका कारखान्यात हिशेबनीस होती. वडील मागेच राहिले. माझ्याकडे ते २०२३ च्या शरद ऋतूत आले तेव्हा दानिलो सोळा वर्षांचा होता आणि दोन शाळांत शिकत होता. सकाळी इथली शाळा, इयत्ता नववी. भाषा येत नाही म्हणून दोन वर्षं मागे बसवलेला. दुपारी चारपासून लॅपटॉपवर खारकिवची शाळा, इयत्ता अकरावी. युक्रेनमध्ये शाळा अकरा वर्षांची, म्हणजे हे त्याचं शेवटचं वर्ष. खारकिव रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथले वर्ग ऑनलाइनच चालायचे. त्याच सप्टेंबरात काही मुलांसाठी मेट्रो स्थानकांत वर्ग सुरू झाले होते. रात्री दोन्हीकडचा गृहपाठ. झोपायला एक वाजायचा.

तक्रार इथल्या शाळेची होती: मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपतो, बोलत नाही, मार्क घसरलेत. मार्कांबद्दल एक गंमत सांगायला हवी. ओलेनाने पहिल्याच दिवशी मला गणिताची उत्तरपत्रिका दाखवली. वर लाल शाईत २ असा आकडा. “युद्धाआधी याला दहा-अकरा मिळायचे,” म्हणाली आणि रडायला लागली. युक्रेनमध्ये गुण बारापैकी, बारा सर्वांत वरचे. जर्मनीत उलटं: १ उत्तम आणि ६ सर्वांत वाईट. पोराला गणितात चांगले गुण होते आणि आई चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती! युक्रेनियन कुटुंबांना मदत करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, बाकी काही समजावायच्या आधी ही गुणांची पद्धत समजावा.

ओलेनाशी पहिलं बोलणं साधारण असं झालं.

“यातली एक शाळा कमी केली तर?”

“कुठली? इथली सोडली तर कायद्याचा प्रश्न. तिथली सोडली तर सर्टिफिकेट नाही.”

“आणि दोन्ही चालू ठेवल्या तर?”

“थकेल. पण काही सुटणार नाही.”

“काही सुटलं तर काय होईल?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी मूर्खासारखं विचारलं. “आमचं आधीच सगळं सुटलंय,” म्हणाली. “त्याचं आता एकही सुटता कामा नये.”

माझं शिक्षण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतलं. या पद्धतीवर आक्षेप घेतला जातो की ती दुःखितालाच म्हणते, तुझा विचार बदल. युद्धातून आलेल्या बाईला असं कोणी सांगितलं तर मीच त्याला दारातून परत पाठवीन. संकट खरंच होतं, ते कुणाच्या विचारांनी आणलेलं नव्हतं. पण त्या संकटावर ओलेनाने स्वतःचा एक नियम चढवला होता: माझ्या मुलाचं काहीही, कधीही सुटता कामा नये. रशियाचं ती काही करू शकत नव्हती; या नियमाचं करू शकत होती. माझं काम तेवढ्यापुरतंच होतं.

दानिलो मात्र बोलत नव्हता. ‘ठीक’, ‘माहीत नाही’, ‘चालेल’ एवढंच. मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. इतका थकलेला मुलगा स्वतःहून एकदाही म्हणाला नव्हता की मला ती ऑनलाइन शाळा नको. आई घरी नसतानाही तो चारला लॅपटॉप उघडायचा. आपल्याकडे असो की इथे, सोळा वर्षांचा मुलगा आईच्या धाकाने एवढं करत नाही.

एका भेटीत मी ‘का’ विचारणं सोडूनच दिलं. ‘का’ विचारलं की या वयाची मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात. मी विचारलं, “त्या तासाला सगळ्यात आधी काय होतं?”

“काही नाही. बाई नावं घेतात.”

“कुणाची?”

“सगळ्यांची. यादीप्रमाणे.”

“तुझं आलं की?”

“चॅटमध्ये लिहितो, ‘आहे’.”

“आणि मग?”

“मग आवाज बंद करतो आणि जर्मनचा गृहपाठ करतो.”

दुभाषी मुलगी हसली, मीही हसले. तोही जरासा हसला आणि मग, न विचारता, पहिल्यांदाच सलग बोलला. “दोन नावं आता घेत नाहीत. एक जण पोलंडला गेला, त्याने नाव काढून घेतलं. दुसऱ्याचं काय झालं कुणी सांगत नाही. बाई ते नाव आलं की थोडं थांबतात आणि पुढचं घेतात. माझ्या नावावर त्या तशा थांबल्या, तर मुलांना काय वाटेल?”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजके येतात, आणि मला अजून बरं वाटतं की त्या दिवशी मी अभ्यासाबद्दल काही विचारलं नाही. दानिलो अकरावी शिकतच नव्हता. तो रोज हजेरी लावत होता. वर्गातल्या मुलांना, आणि स्वतःला, कळवत होता की मी आहे. आई त्या लॅपटॉपकडे बघून सर्टिफिकेट पाहत होती, मुलगा यादीतलं नाव. दोघंही एकाच गोष्टीला घट्ट धरून बसले होते आणि त्यामागचं कारण एकमेकांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी ही गोष्ट बऱ्याच घरांत शोधली आणि बऱ्याच घरांत सापडली. विस्थापित मुलाला अभ्यासक्रम बुडण्याची भीती कमीच असते. आपण नाहीसे झालो असं मागच्यांना वाटेल, याची भीती फार. ही भीती शिकवण्या लावून जात नाही.

पुढच्या भेटीत, दानिलोच्या परवानगीने, हे आईसमोर बोललो.

“मला वाटलं तू तिकडचं गणित करतोस,” ओलेना म्हणाली.

“गणित मला इथेच कळतं. आकडे तेच आहेत.”

बराच वेळ ती गप्प होती. मग तिचं स्वतःचं बाहेर आलं. तिकडून नाव काढलं की नवऱ्याला वाटेल, आता ही दोघं परत येत नाहीत. मी एवढंच विचारलं, “हे तुम्ही त्यांना विचारलंय का?” विचारलं नव्हतं. त्या रात्री फोन झाला. नवऱ्याचं उत्तर तिने मला शब्दशः सांगितलं: “नाव राहू दे, तास कमी करा. आणि त्याला झोपू दे.”

आता नाव राहून तास कमी होतात का? होतात, आणि हे अनेक आयांना माहीतच नसतं. युक्रेनच्या शिक्षण मंत्रालयाने परदेशी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी सोय केली आहे: युक्रेनियन भाषा, साहित्य, इतिहास असे तिकडचेच विषय तिकडच्या शाळेतून करायचे, आणि गणित-विज्ञानासारख्या विषयांत इथल्या शाळेचे गुण धरायचे. शेवटचा शब्द त्या त्या शाळेचा असतो, म्हणून आधी वर्गशिक्षिकेशी बोलायचं. दानिलोच्या बाईंनी सगळं जुळवून आणलं. आठवड्याचे मोजके तास उरले. शिवाय त्यांनी आपणहून सांगितलं, संध्याकाळच्या हजेरीला ये, मग वाटलं तर निघून जा.

ओलेनाची पुढची काळजी प्रवेश परीक्षेची. युक्रेनमध्ये विद्यापीठात जायला ‘एनएमटी’ ही बहुविषयक चाचणी द्यावी लागते. २०२२ मध्ये युद्धामुळे जुन्या परीक्षेच्या जागी ती आली आणि युक्रेनबाहेरच्या शहरांतही तिची केंद्रं असतात. “याच वर्षी दिली नाही तर दार बंद,” असं ओलेना धरून बसली होती. ती परीक्षा आधीच्या वर्षी शाळा संपवलेली मुलंही देऊ शकतात. हे कळल्यावर ती जी खुर्चीत मागे टेकून बसली, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

खरी ठिणगी पडली ती नंतर. दानिलो म्हणाला, मला मेकाट्रॉनिक्सचं आउसबिल्डुंग करायचंय. म्हणजे साडेतीन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण: कंपनीत काम, जोडीला व्यवसाय शाळा, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. ओलेनाचा चेहरा उतरला. आपल्याकडे इंजिनिअरिंगची आस लावून बसलेल्या घरात मुलाने आयटीआयचं नाव काढल्यावर उतरतो, तसाच. जर्मनीत या रस्त्याला कमीपणा नाही, आणि पुढे विद्यापीठाचा मार्गही बंद होत नाही, हे तिला माझ्याकडून पटलं नाही. एका कार्यशाळेत दिवसभर उभी राहून आली, तेव्हा पटलं. समुपदेशकाने आपल्या शब्दांवर फार विसंबू नये.

अर्जासाठी नववीचं सर्टिफिकेट लागलं. ते खारकिवच्या शाळेतच पडून होतं. वडिलांनी जाऊन आणलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून फोटो पाठवला. कागदाच्या कोपऱ्यावर पावसाचे थेंब, वडिलांचा अंगठा, आणि मध्ये मुलाचं नाव. शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करायला मूळ प्रत लागते, ती नंतर एका ओळखीच्या बसचालकाबरोबर आली. असं कुटुंब तुमच्या ओळखीत असेल तर पहिलं काम हेच: जुने कागद, गुणपत्रकं, नववीचं सर्टिफिकेट आत्ता मागवून घ्या. ज्या इमारतीत ते आहेत ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

कॉलेजच्या वयातल्यांसाठी थोडक्यात. फक्त अकरा वर्षांच्या शाळेवर जर्मन विद्यापीठात बहुधा थेट प्रवेश मिळत नाही. आधी श्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करावं लागतं. युक्रेनमध्ये विद्यापीठात काही शिक्षण झालं असेल तर चित्र बदलतं, म्हणून तिथली गुणपत्रकं जपा. नवागतांसाठीचा सरकारी एकात्मता वर्ग भाषेच्या बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत नेतो, जर्मन माध्यमाचं विद्यापीठ बहुतेकदा सी-१ म्हणजे प्रगत पातळी मागतं; मधली चढण स्वतः चढायची असते. आणि एक धोका: पूर्णवेळ विद्यार्थी झालात की जॉबसेंटरचा, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाचा, भत्ता सहसा थांबतो. त्याऐवजी बाफॉग ही शिक्षण-मदत मागता येते. युक्रेनहून आलेल्यांना ती १ जून २०२२ पासून खुली झाली. नाव नोंदवायच्या आधी दोन्ही कार्यालयांत विचारा, नंतर नको.

मराठी मंडळातले कोणी विचारतात, आम्ही काय करू? जुने कपडे पुरे झाले. सरकारी पत्र वाचून दाखवा, भेटीच्या वेळी सोबत जा. गणित येणाऱ्या मुलाला गणिताचे जर्मन शब्द शिकवा. आणि ‘परत कधी जाणार?’ हे विचारू नका. त्यांना उत्तर माहीत नसतं, आणि मुलं ते उत्तर आईच्या चेहऱ्यावर शोधतात.

दानिलोने २०२४ च्या जूनमध्ये तिकडची शाळा संपवली, पुढच्या वर्षी इथली दहावी, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो प्रशिक्षणात आहे. ‘वाया’ गेलेलं वर्ष मोजायचंच तर एक गेलं असेल. ओलेना अजून येते. तात्पुरतं संरक्षण आता ४ मार्च २०२७ पर्यंत आहे, त्यानंतर काय, हा तिचा सध्याचा प्रश्न. याचं उत्तर माझ्या खोलीत नाही, परदेशी नागरिक कार्यालयात आहे. प्रशिक्षणाच्या आधारावर दानिलोला वेगळा परवाना मिळतो का, ते मुदत संपायची वाट न बघता आत्ताच विचार, असं मी तिला सांगितलंय. पुढच्या मंगळवारी ती जाणार आहे, आणि बोलणं दानिलो करणार आहे. त्याचं जर्मन आता माझ्यापेक्षा बरं आहे.